दप्तर हलते आहे, आपली नोंद आपण पाहून घ्या



मागे एकदा गट ऑफिसात एक जुने सभासद आले. बाकावर टेकले, पाणी प्याले आणि कारकुनाला म्हणाले, "काय रे बाळा, कारखान्याचा कॉम्प्युटर बदलणार म्हणे. मग माझी ऊस नोंद, शेअर, ठेव, सगळं पुसलं जाणार काय?"

कारकून म्हणाला, "नाही आबा, पुसलं काहीच जात नाही. जुन्यातलं नव्यात घ्यायचं, एवढंच."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एवढंच म्हणू नको. एका कणगीतलं जोंधळं दुसऱ्या कणगीत घालताना चार मुठी सांडतातच. हे तर हिशेबाचं काम."

आबांची शंका रास्त आहे. कारखान्याची सर्व माहिती जुन्या संगणक पद्धतीतून नव्या पद्धतीत नेण्याचे काम सध्या बिगर हंगामात चालू आहे. ते काम कसे चालते, त्यात चूक कुठे होऊ शकते आणि ती वेळीच कशी पकडता येते, हे प्रत्येक सभासदाला ठाऊक असले पाहिजे. म्हणून हा लेख.

डाटाबेस म्हणजे काय?

पूर्वी ऑफिसात लाल फडक्यात बांधलेली दप्तरे असत. सभासदांची नोंदवही एक, ऊस नोंदीची वही दुसरी, काट्याचे रजिस्टर तिसरे आणि ऊस बिलाची खतावणी चौथी. या चार वह्यांना बांधणारा धागा एकच, तो म्हणजे आपला सभासद क्रमांक. काट्यावर गाडी आली की पावतीवर क्रमांक पडे आणि त्याच क्रमांकावरून बिल कुणाचे ते कळे.

संगणकातला डाटाबेस म्हणजे हीच दप्तरे. वहीच्या जागी तक्ता, पानावरच्या ओळीच्या जागी नोंद, रकान्याच्या जागी रकानाच. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने असे मांडले की सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध समान क्रमांकावरून जोडावा. आज वापरात असलेले बहुतेक मोठे डाटाबेस याच विचारावर उभे आहेत. आपल्या जुन्या कारकुनांना हे नवीन नव्हते. सभासद क्रमांक चुकला तर ऊस एकाचा आणि पैसे दुसऱ्याचे होतात, हे ते पहिल्यापासून जाणत होते.

मग बदलायचे कशाला?

"चालतंय ते चालू द्या की," असे काही जण म्हणतात. पण आपली जुनी पद्धत फॉक्सप्रो या भाषेत लिहिलेली आहे. एके काळी साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ अशा ठिकाणी तिचा मोठा बोलबाला होता. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची शेवटची आवृत्ती २००४ साली काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिच्यामागचा आधारही काढून घेतला. म्हणजे सुटे भाग मिळत नाहीत अशा इंजिनासारखी तिची अवस्था. शिवाय तिच्या एका फाईलला २ गिगाबाइटची मर्यादा आहे. वर्षानुवर्षांच्या काटा पावत्या एकाच तक्त्यात साठवत गेले की पोते शिगोशीग भरते आणि एक दिवस उसवते. आणि ही पद्धत जाणणारी माणसे एकामागून एक निवृत्त होत आहेत, हे सर्वांत मोठे कारण. इंजिन बंद पडल्यावर दुरुस्तीला बसण्यापेक्षा ते चालू असतानाच बदललेले बरे.

आकडा पोचतो, अर्थ मागे राहतो

या कामात आकडे हरवतात अशी लोकांची समजूत असते. खरे तर आकडे सहसा हरवत नाहीत. ते बिनचूक पोचतात, पण त्यांचा अर्थ जुन्या घरीच राहतो, कारण तो कुठे लिहून ठेवलेला नसतो. तो असतो जुन्या कारकुनाच्या डोक्यात. काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण क्षेत्राचे. जुन्या तक्त्यात एखाद्याचे क्षेत्र १.२० असे लिहिलेले आहे. आपल्याकडे लहान मूलही सांगेल की हे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. पण नव्या संगणकाला गुंठा माहीत नाही. तो दशांश वाचतो. त्याच्या मते हे १.२० एकर, म्हणजे ४८ गुंठे. खरे क्षेत्र ६० गुंठे. बारा गुंठे कुणी न चोरता गेले! हेक्टरमध्ये मांडायचे तर ०.६१ च्या जागी ०.४९ लागले. क्षेत्र कमी लागले की अंदाजी टनेज कमी धरले जाते, खताची नि बेण्याची उधारी कमी मिळते, आणि तोडणीच्या वेळी "नोंदीपेक्षा ऊस जास्त कसा?" म्हणून शेतकऱ्यालाच उभे केले जाते.

पहिल्या चाचणीत ही चूक आमच्याच हातून झाली, हे मोकळेपणाने सांगतो. ती पकडली एका जुन्या शेतकी मदतनिसाने. त्याने सगळा रकाना वरून खाली पाहिला आणि म्हणाला, "यात टिंबाच्या पुढं ३९ च्या वर आकडाच नाही. चाळीस गुंठ्याला एकर होतो, म्हणून. हे गुंठे आहेत, साहेब." संगणकाची पदवी नसलेल्या माणसाने संगणकाची चूक अशी दाखवून दिली. त्यातही मेख ही की एखाद्या गटात कुणी दीड एकर म्हणून १.५० असेही लिहिलेले असते. ते दशांशच आहे. यास्तव सरसकट एकच हुकूम लावून चालत नाही.

दुसरे उदाहरण लागण तारखेचे, आणि हे फार महत्त्वाचे. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. जुनी माहिती मजकूर म्हणून बाहेर काढून मधल्या कोष्टकात उघडली आणि त्या संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असली, तर ११/०७ म्हणजे ११ जुलैची आडसाली लागण ७ नोव्हेंबरची होऊन बसते. आडसालीची पूर्वहंगामी झाली! तोडणी प्रोग्रॅम लागण तारखेवर आणि जातीवर बसतो. अशा सभासदाचा पक्व ऊस यादीत मागे ढकलला जातो, उन्हाळ्यापर्यंत रानात उभा राहतो आणि वजन घटते. याच्या उलट ३ जुलैची लागण ७ मार्चची झाली, तर कोवळा ऊस आधी तुटतो.

ही चूक लबाड आहे. २५/०७ मध्ये ती होत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. १ ते १२ या तारखांनाच ती बाधते. म्हणून वरवर पाच-दहा नोंदी पाहिल्या तर सगळे ठीक दिसते, आणि मधूनच एखाद्याच्या उसावर घाला पडतो.

सालाचेही असेच. जुन्या नोंदींत साल दोन आकडी असे. शेअर घेतल्याची तारीख १२/८/६२. आपल्याला कळते की हे १९६२. पण मायएसक्यूएल या प्रसिद्ध डाटाबेसचा नियम असा आहे की ७० ते ९९ म्हणजे १९७० ते १९९९, आणि ०० ते ६९ म्हणजे २००० ते २०६९. तेव्हा कारखान्यासाठी पदरमोड करून शेअर घेतलेला संस्थापक सभासद २०६२ साली सभासद होणार, असे तो बिनदिक्कत लिहून ठेवील!

तिसरे उदाहरण शून्याचे. ०००४२ हा सभासद क्रमांक. संगणकाने त्याला संख्या समजून वाचले की पुढची शून्ये गळतात आणि ४२ उरतात. उसाच्या जातीतही तेच. कोएम ०२६५ या जातीचा नुसता आकडा वेगळ्या रकान्यात ठेवला असेल तर ०२६५ चे २६५ होते आणि जातीच्या यादीशी मेळ बसत नाही. सभासद क्रमांक दिसतो आकड्यासारखा, पण ते खरे तर नावच आहे. त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करीत नाही. म्हणून तो अक्षरांच्या रकान्यातच नेला पाहिजे.

चौथे उदाहरण मेलेल्या नोंदी जिवंत होण्याचे. फॉक्सप्रोमध्ये नोंद काढून टाकली तरी ती लगेच जात नाही. तिच्या माथ्यावर खुणेची एक फुली मारली जाते आणि ती दिसेनाशी होते. 'पॅक' हा हुकूम दिल्यावरच ती खरोखर जाते. तो हुकूम वर्षानुवर्षे दिलाच नसेल आणि माहिती नेणाऱ्याने फुलीकडे पाहिले नाही, तर रद्द केलेली नोंद, शेअर वारसाच्या नावे झाल्यावर कमी केलेला जुना सभासद, सगळे नव्या घरात परत येऊन बसतात. एकाच शेअरवर वडील आणि मुलगा दोघेही सभासद! सवलतीची साखर दोनदा निघेल. पण प्रश्न साखरेपुरता नाही. सभासदांच्या यादीवरूनच निवडणुकीची मतदार यादी तयार होते, हे लक्षात घ्या.

पाचवे उदाहरण आपल्या मराठीचे. पूर्वी संगणकावर मराठी लिहिण्याची युक्ती अशी होती की आत इंग्रजी अक्षरांचे अंक ठेवायचे आणि फाँटने पडद्यावर मराठी आकार काढायचे. तो फाँट नसला की नावाच्या जागी गिचमिड दिसते. आता युनिकोड ही जगभर चालणारी पद्धत आहे. तिच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. सबब प्रत्येक नाव जुन्या लिपीतून युनिकोडमध्ये आणावे लागते, आणि तिथे जोडाक्षरे अडतात. कऱ्हाड, गोऱ्हे यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. मग "कऱ्हाड" शोधले तर निम्मे सभासद सापडतात आणि निम्मे दडून बसतात.

ताळा कसा घेतात?

धान्य हलवताना शहाणा माणूस काढताना मापतो आणि भरतानाही मापतो. इथेही तसेच करतात. प्रथम जुन्या माहितीची प्रत काढून ती बाजूला ठेवायची. मूळ दप्तराला हात लावायचा नाही. मग कोणता रकाना कुठे जाणार आणि त्याचा अर्थ काय, याची लेखी यादी करायची. ही यादी शेतकी, शेअर, काटा आणि हिशेब या चारही विभागांच्या जुन्या माणसांसमोर वाचायची. त्यानंतर खोटे स्थलांतर करायचे, म्हणजे रंगीत तालीम. चुका सापडल्या की नवी बाजू पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्रत्येक तालमीनंतर तीन ताळे. एक, नोंदींची संख्या दोन्हीकडे सारखी आहे का? दोन, बेरजा जुळतात का? एकूण शेअर भांडवल, एकूण ठेवी, गेल्या हंगामातील एकूण टनेज पैशाला पैसा आणि किलोला किलो जुळले पाहिजे. तीन, चिठ्ठ्या टाकून काही सभासद निवडायचे आणि त्यांची नोंद मूळ कागदाशी ओळीने ओळ ताडून पाहायची.

तिसरा ताळा कशाला, असे कुणी विचारील. तर बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे होत नाही. गंगारामची ठेव सखारामच्या नावे आणि सखारामची गंगारामच्या नावे पडली, तरी बेरीज तंतोतंत जुळते! कारखान्याचा ताळेबंद बिनचूक, पण दोन घरांत अन्याय.

हे सर्व झाल्यावरही जुनी पद्धत लगेच बंद करायची नाही. काही काळ दोन्ही चालवायच्या आणि एकाच उसाचे बिल दोन्हींवर काढून पाहायचे. जुनी प्रत तर पुढेही जपून ठेवायची.

एका बँकेची गोष्ट

घाई केली तर काय होते, याचा दाखला ब्रिटनमधला आहे. टीएसबी ही तिथली मोठी बँक. स्पेनच्या साबादेल बँकेने २०१५ साली ती विकत घेतली. तोवर टीएसबीची खाती तिच्या पूर्वीच्या मालक बँकेच्या, म्हणजे लॉइड्सच्या संगणकांवर होती. ती नव्या पद्धतीत न्यायचे ठरले आणि एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती हलवण्यात आली.

गंमत अशी की माहिती ठीक पोचली. पण नव्या घराच्या भिंतींनी भार पेलला नाही. दोन संगणक केंद्रांपैकी एकाचीच भारचाचणी झाली होती, असे पुढे चौकशीत उघड झाले. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपले खाते उघडता येईना. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्याधिकाऱ्यांना सप्टेंबरमध्ये पद सोडावे लागले. ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई द्यावी लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामक संस्थांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड ठोठावला.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. सगळा गाव एका रात्रीत हलवायचा नाही. एक गट आधी न्यायचा, तो स्थिरावला की दुसरा. आणि नुसती माहिती पोचली की नाही एवढे पाहून थांबायचे नाही. ऐन हंगामात काट्यावर वाहनांची रांग लागली असताना नवी पद्धत तग धरते का, तेही आधीच पाहायचे.

चावडीवरचा ताळा

दुसरा दाखला आपल्या दारातला. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारा संगणकात आणला गेला तेव्हा कुठे नाव चुकले, कुठे क्षेत्र कमी-जास्त लागले. तेव्हा २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा गावासमोर वाचून दाखवायचा आणि ज्याची हरकत असेल त्याने ती मांडायची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनातली चूक दुरुस्त करण्याची तरतूद आहे. ज्यांनी त्या वेळी चावडीवर जाऊन आपला उतारा ऐकला, त्यांचे काम तिथेच झाले. ज्यांनी "बघू पुढं" म्हटले, त्यांना पुढे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

सांगायचे ते हेच. तुमच्या रानाची बांधाबांधापर्यंत माहिती कोणत्याही संगणकाला नाही. ती तुम्हाला आहे. शेवटचा ताळा सभासदाच्या डोळ्यांचा.

सभासदांनी काय करावे?

नव्या पद्धतीतून प्रत्येक सभासदाच्या नोंदीचा उतारा काढून तो गट ऑफिसात ठेवण्यात येईल. तो घेऊन घरी जुन्या पावत्यांशी ताडून पाहावा. वाचता येत नसेल तर मुलाला किंवा नातवाला जवळ बसवून वाचून घ्यावा. विशेषतः पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. सभासद क्रमांक, पूर्ण नाव आणि गाव. आडनावातली जोडाक्षरे नीट उमटली आहेत का?

२. गट नंबर आणि उसाचे क्षेत्र. उतारा हेक्टर-आरमध्ये असेल. एका एकराचे सुमारे ४०.४७ आर होतात. एकर-गुंठ्यांवरून हिशेब करून पाहावा.

३. लागण की खोडवा, उसाची जात आणि लागण तारीख. ज्यांची तारीख १ ते १२ मधली आहे त्यांनी महिना दोनदा पाहावा.

४. शेअरची संख्या, ठेवीची रक्कम आणि वारसाचे नाव. मयत सभासदाचे नाव अजून दिसत असेल तर वारसांनी कागद घेऊन यावे.

५. बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियनमध्ये, तर ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये विलीन झाल्या. त्यांचे जुने कोड नोंदीत राहिले असतील तर ते आताच बदलून घ्यावेत. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. कारखान्याने वेळेत पाठवले आणि कोड चुकल्याने ते परत आले, असे होऊ नये.

चूक सापडली तर तोंडी सांगून निघून जाऊ नये. उताऱ्यावरच लाल शाईने दुरुस्ती करावी, सही किंवा अंगठा करून द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नसली की तक्रार हवेत जाते, हे काही नव्याने सांगायला नको. उताऱ्यात चूक नसेल तरी "बरोबर आहे" अशी सही करून एक प्रत परत द्यावी. आम्हाला दोन्हींची सारखीच गरज आहे.

त्या दिवशी आबा उठताना कारकुनाला म्हणाले, "उतारा आला की निरोप धाड. चष्मा घेऊन येतो." प्रत्येक घरातून एक माणूस असा चष्मा घेऊन आला, तर मोळी पडण्याआधी आपले दप्तर नव्या घरी सुखरूप पोचेल. संगणक विभागाकडून जे करायचे ते आम्ही करीत आहोत. आपले सहकार्य मिळावे, ही विनंती.

— संगणक विभाग